घरातले खुंटाळे

एखादे काम आपल्या हातून होण्यासारखे नाही असे दिसले, म्हणजे आपण ते खुंटीला टांगतो. निदान मराठीत तरी आपण तसे म्हणतो. संकल्प खुंटीला टांगले जातात, नियम टांगले जातात, प्रसंगी लाजलज्जाही त्याच खुंटीवर जाऊन बसते. ज्या खुंटीने पिढ्यान्‌पिढ्या आमची पागोटी, छत्र्या, पिशव्या आणि पळ्या इमानाने सांभाळल्या, तिच्या वाट्याला भाषेने ही अपकीर्ती का द्यावी, हे मला पुष्कळ दिवस उमगले नव्हते. कारण प्रत्यक्ष पाहू गेल्यास, खुंटीला टांगलेली वस्तू ही घरातली सर्वांत जागती वस्तू होय. ती डोळ्यांसमोर असते, हाताशी असते, आणि जागेवर नसली तर तिची रिकामी खुंटी तशी ग्वाही देते. विस्मृतीत जाते ती कपाटात ठेवलेली वस्तू. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला हे कोणी निराळे सांगावयास नको. मेजावर पडलेली फाईल आज ना उद्या हलते. व्यवस्थित बांधून, क्रमांक घालून कपाटात ठेवलेल्या फाईलची मात्र शाश्वती देता येत नाही.

श्रोतेहो, आज मी आपल्याशी बोलणार आहे तो अशाच एका खुंट्यांच्या फळीविषयी. ती मी माझ्या दिल्लीच्या बिऱ्हाडात स्वतःच्या हातांनी तयार केली. मी सुतार नाही. माझे शिक्षण साहित्याचे, व्यवसाय कागदांचा. तेव्हा जाणत्या कारागिरांनी माझ्या बोलण्यातील उणिवा पोटात घालाव्यात, आणि माझ्यासारख्या अजाण मंडळींनी निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नयेत, एवढीच विनंती.

आमचे जुने घर वाईचे. दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, आणि त्या भिंतींत जागोजाग बसविलेल्या सागवानी खुंट्या. पडवीतली पहिली खुंटी वडिलांच्या छत्रीची, दुसरी त्यांच्या टोपीची, तिसरी पाहुण्यांसाठी राखलेली. माजघरातल्या खुंटीवर दूधवाल्याच्या हिशेबाची वही दोरीने लोंबत असे. स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या हाताला पाच खुंट्या ओळीने होत्या. पळी, झारा, उलथने, चिमटा आणि सांडशी हा क्रम माझ्या लहानपणी, म्हणजे १९८०च्या दशकात, कधी बदलल्याचे मला आठवत नाही. वीज गेली तरी आईचा हात अंधारात अचूक झाऱ्यावर पडे. शेजारी कोनाडा, त्याच्या वर फडताळ, आणि समोरच्या भिंतीला मांडणी. घरात वस्तू थोड्या होत्या आणि त्यांतील प्रत्येकीला पत्ता होता.

वडील गेल्यानंतर आई काही वर्षे तेथे एकटीच राहिली. २०२१ साली आम्ही ते घर बंद केले आणि तिला दिल्लीस आणले. आमचे सरकारी निवासस्थान प्रशस्त आहे, आणि त्यातले स्वयंपाकघर माझ्या पत्नीने मोठ्या हौसेने आधुनिक पद्धतीचे करून घेतले होते. ओट्याच्या वर आणि खाली एकंदर चौदा दारे. सगळी एका रंगाची, एका मापाची, गुळगुळीत. दार लावले की आत काय आहे याचा मागमूस बाहेर राहत नसे. आम्हांला त्याचे कौतुक वाटे.

आईला मात्र ते स्वयंपाकघर कधी वश झाले नाही. प्रथम आम्ही समजलो, नवी जागा आहे, सवय होईल. परंतु महिने लोटले तरी ती साखरेच्या डब्यासाठी चार-चार दारे उघडी. चहाचे गाळणे हातात घेऊन गाळणे शोधी. एकदा मला म्हणाली, “अरे, ह्या घराला तोंडे पुष्कळ आहेत, पण एकही काही सांगत नाही.” त्या वेळी आम्ही सारे हसलो. त्यानंतर हळूहळू तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकणेच सोडले. सकाळी उठून ती जेवणघरातल्या खुर्चीवर बसे आणि कोणी चहा आणून देईपर्यंत काही बोलत नसे. जिने साठ वर्षे दुसऱ्यांना चहा करून दिला, तिने चहाची वाट पाहत बसावे, हे पाहून माझ्या मनाला कसेसेच होई.

पुढे डॉक्टरांना दाखविले. स्मृती क्षीण होऊ लागली आहे, आणि ती पूर्ववत होईल अशी आशा धरू नये, असे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले. औषधे दिली. मात्र निघताना ते जे बोलले ते मला औषधांहून मोलाचे वाटले. ते म्हणाले, “अशा माणसाला जे दिसते ते आठवते. दारामागची वस्तू त्यांच्या लेखी नसतेच. रोजच्या वस्तू उघड्यावर ठेवा, ठरलेल्या जागी ठेवा आणि जागा बदलू नका.” घरी येताना गाडीत माझ्या डोळ्यांसमोर वाईच्या त्या पाच खुंट्या उभ्या राहिल्या.

भिंतीत पाच खिळे ठोकले असते तर काम भागले असते, असे आपण म्हणाल. परंतु निवासस्थान सरकारी, भिंत परक्याची, आणि बदलीचा हुकूम केव्हा हाती पडेल याचा नेम नाही. शिवाय आईला नक्की काय कोठे हवे, हे आम्हांला अगोदर ठाऊक नव्हते. म्हणून हवे तेथे खुंट्या काढता-घालता येतील, हवे तेथे लहान फळ्या ठेवता येतील, आणि वेळ आली की जे सगळेच्या सगळे उचलून नेता येईल, असे खुंटाळे हवे होते.

ही कल्पना अर्थातच माझी नव्हे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात लॉरेल येथे विल्यम मेसन याने १९२४ साली लाकडाच्या टाकाऊ कपच्यांपासून कडक, पातळ तक्ते तयार करण्याची रीत शोधून काढली. अशा तक्त्यांना बारीक भोके पाडून त्यांत तारेचे आकडे अडकविण्याची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. दुकानांतून आपण ते तक्ते पाहतो. त्याच्याही पूर्वी, अठराव्या शतकात इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या शेकर पंथाच्या लोकांनी आपल्या खोल्यांच्या भिंतींवर सभोवार लाकडी खुंट्यांच्या पट्ट्या बसविल्या होत्या. टोप्या आणि झाडू तर त्यांवर टांगीतच, पण केर काढावयाच्या वेळी खुर्च्यादेखील उचलून तेथेच अडकवून ठेवीत.

परंतु मला खरी दिशा दाखविली ती एका समव्यवसायी गृहस्थाने. पॉल चाइल्ड हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नोकरीस होते. त्यांची पत्नी ज्युलिया चाइल्ड पुढे पाककलेवरील ग्रंथांमुळे आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांमुळे फार प्रसिद्धीस आली. नोकरीतून मोकळे होऊन १९६१ साली हे दांपत्य मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे राहावयास गेले, तेव्हा पॉल यांनी पत्नीच्या स्वयंपाकघराची आखणी स्वतः केली. बाई सहा फूट दोन इंच उंच, म्हणून ओटे नेहमीपेक्षा उंच ठेवले. भिंतीवर भोकांचे तक्ते लावून त्यांवर तवे-पातेली टांगली आणि प्रत्येक भांड्याभोवती त्याची बाह्यरेषा काढून ठेवली. भांडे उचलले की त्याची आकृती भिंतीवर राही. धुऊन परत ठेवताना विचारावे लागत नसे. ते स्वयंपाकघर २००१ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आले. माझी आई चार फूट दहा इंच उंचीची. परंतु तत्त्व तेच. घर माणसाच्या मापाने बेतावे, माणूस घराच्या मापाने बेतू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. प्रथम माझी फजिती सांगितली पाहिजे. काटकसरीच्या बुद्धीने मी बारा मिलीमीटर जाडीचे प्लायवूड आणले, त्याला भोके पाडली, गोल दांड्याच्या खुंट्या कापून घातल्या, दोन खुंट्यांवर एक फळी ठेवली आणि त्या फळीवर मोठ्या अभिमानाने लिंबाच्या लोणच्याची बरणी मांडली. तिसऱ्या दिवशी पहाटे आवाज झाला. बरणी खाली, लोणचे भिंतीवर, आणि खुंट्या लाजून माना खाली घातल्यासारख्या जमिनीकडे वाकलेल्या. माझी कन्या म्हणाली, “बाबा, फळीला घसरगुंडी तुम्ही मुद्दाम केली होती का?”

चूक कोठे झाली, हे साध्या त्रैराशिकाने कळण्यासारखे होते. भोक आणि खुंटी यांच्यात अर्ध्या मिलीमीटरचे ढिलेपण होते. फळी बारा मिलीमीटर जाड. खुंटी तिच्याबाहेर दीडशे मिलीमीटर आलेली. म्हणजे आतले अर्ध्या मिलीमीटरचे ढिलेपण बाहेरच्या टोकाला साडेबारा पटींनी वाढते, आणि टोक सहा मिलीमीटरांहून अधिक खाली येते. ओझ्याचेही तसेच. खुंटी ही तरफ आहे. फळीच्या मध्यावर, म्हणजे भोकापासून साडेसात सेंटिमीटरांवर अडीच किलो वजन आले, तर सव्वा सेंटिमीटर जाडीच्या लाकडात भोकाच्या काठांवर त्याच्या निदान सहापट दाब पडतो. काठ दबतात, भोक लांबट होते, आणि वाकलेली खुंटी आणखी वाकते. जाडी पंचवीस मिलीमीटर घेतली तर ढिलेपण सहा पटींवर आणि दाब तिपटीवर येतो. म्हणजे सारे मर्म जाडीत होते, आणि मी बचत केली ती नेमकी जाडीतच.

दुसऱ्या खेपेस मी कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात गेलो आणि पंचवीस मिलीमीटर जाडीचे, भारतीय मानकाचा आयएस ३०३ हा क्रमांक छापलेले, ओलावा सोसणारे प्लायवूड घेतले. अखंड लाकडाची फळी का नको, असा प्रश्न कोणी विचारील. दिल्लीची हवा मे महिन्यात हाडे वाळविते आणि ऑगस्टात भिंतींना पाझर फोडते. अखंड लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने अशा हवेत फुगते आणि आकसते. रुंद फळी वाकते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटविलेले असल्यामुळे ते एकमेकांना आवरून धरतात. कुटुंबसंस्थेचे तत्त्व याहून निराळे नाही.

फळीचे माप ठेवले नव्वद सेंटिमीटर रुंद आणि एकशे वीस सेंटिमीटर उंच. हे माप सोयीचे आहे, कारण कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे पाहावयास गुण्याचीदेखील गरज पडत नाही. दोन्ही कर्ण बरोबर दीडशे सेंटिमीटर भरले पाहिजेत. तीन, चार आणि पाच यांचे हे नाते बौधायनाच्या शुल्बसूत्रांना ठाऊक होते. यज्ञवेदीची आखणी त्याच रीतीने करीत. कडेपासून पाच सेंटिमीटर सोडून दर दहा सेंटिमीटरांवर रेघा आखल्या. आडव्या नऊ, उभ्या बारा. आई शेजारी बसून पाहत होती. मी बोटाने भोके मोजू लागलो, तशी ती म्हणाली, “मोजतोस काय? एकशे आठ झाली. जपमाळ आहे ती.” ज्या बाईला आज वार कोणता हे आठवत नव्हते, तिने नऊ बारा एकशे आठ हा पाढा क्षणात म्हटला. मी पेन्सिल खाली ठेवली आणि थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिलो.

भोके वीस मिलीमीटर व्यासाची. सामत्याने एवढी भोके पाडणारे सुतार आता क्वचितच दिसतात. विजेच्या ड्रिलने तेच काम होते. मात्र पाते आरपार जाताना मागच्या बाजूचा पापुद्रा उचकटतो आणि भोकाची कड दातरते. त्यावर उपाय असा, की फळीच्या खाली दुसरी टाकाऊ फळी घट्ट आवळून धरावी आणि मग भोक पाडावे. माझ्याजवळ टाकाऊ फळी होतीच. लोणचे सांडलेली ती पहिली फळी, तिची जुनी भोके नव्या खुणांखाली येऊ नयेत म्हणून पाच सेंटिमीटर सरकवून, मी खाली बसविली. जिने मला तोंडघशी पाडले, तिनेच पुढल्या कामाला आधार दिला. अपयशाचा यापेक्षा चांगला उपयोग कोठे झालेला मी पाहिलेला नाही.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. भोके अगदी सरळ न पाडता ती दोन अंशांनी तिरपी पाडावी, म्हणजे खुंटीचे टोक किंचित वर राहते. ओझे आले की खुंटी जी थोडी लवते, ती लवून सरळ होते. आणि टांगलेली वस्तू पुढे घसरत नाही. दोन अंश हातांनी साधत नाहीत. त्यासाठी मी शिसवी लाकडाचा दहा सेंटिमीटर लांबीचा एक ठोकळा घेतला. त्याच्या एका टोकाखाली साडेतीन मिलीमीटरांची चीप ठेवली आणि एका कारखान्यातील उभ्या ड्रिलयंत्रावर त्यात सरळ भोक पाडून आणले. चीप काढली की ठोकळ्यातले भोक दोन अंशांनी तिरपे. हा ठोकळा प्रत्येक खुणेवर ठेवावयाचा आणि त्यातून पाते उतरवावयाचे. ठोकळ्याची वरची बाजू कोणती, यावर मात्र ठळक बाण काढून ठेवावा. एकशे आठांपैकी एक भोक माझे उलट्या दिशेने पडले. त्याला आमच्या घरात माझ्याच नावाने ओळखतात.

भुसा डोळ्यांत आणि छातीत जाऊ नये म्हणून चष्मा आणि मुखपट्टी वापरावी. घरातल्या लहानांना दूर बसवावे. हे सांगावयास नको, तरी सांगतो. कारण मी पहिल्या दिवशी दोन्ही गोष्टी केल्या नव्हत्या.

खुंट्यांसाठी वीस मिलीमीटर जाडीचे शिसवी दांडे कातारी मंडळींकडून कातून घेतले. एक-एक मीटरचे आठ दांडे पुरले. टांगण्याच्या खुंट्या दहा सेंटिमीटर लांब, चाळीस. फळ्या पेलावयाच्या खुंट्या साडेसतरा सेंटिमीटर लांब, चौदा. प्रत्येक खुंटीवर पंचवीस मिलीमीटरांवर पेन्सिलीची रेघ मारली. तेवढी ती आत जावयाची. खुंटी हाताने जोर लावून बसावी, पण हातोडी लागू नये, इतपतच घट्ट असावी. ते माप आधी एखाद्या तुकड्यावर अजमावून पाहावे आणि मग कानस व पॉलिश कागद यांनी हलके हलके घासून जुळवावे. आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करावा असे म्हणतात. वादविवादात हा उपदेश किती खरा आहे मला ठाऊक नाही. खुंट्यांच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे. पावसाळ्यात त्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल होतात. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक हलवून पाहतो आणि सैल दिसेल तिच्या भोवती कागदाची एक पट्टी गुंडाळतो.

फळ्या केल्या त्या बारा मिलीमीटरच्या प्लायवूडच्या उरलेल्या पट्ट्यांतून. साठ सेंटिमीटर लांब, पंधरा सेंटिमीटर रुंद, अशा चार. फळीच्या खालच्या बाजूस, जेथे खुंट्या येतात तेथे अर्धगोल खाच घेतली, म्हणजे फळी खुंटीवर बसते आणि बाजूला सरकत नाही. पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी चिकटविली, म्हणजे बरणी पुन्हा प्रवासास निघत नाही. सगळे लाकूड आधी १२० क्रमांकाच्या आणि मग २२० क्रमांकाच्या कागदाने घासले आणि त्यावर जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. येथे एक धोक्याची सूचना देणे मी कर्तव्य समजतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळू द्याव्यात आणि मगच टाकाव्यात.

राहता राहिली भिंत. फळीचेच वजन सतरा-अठरा किलो, त्यावर भांडी आणि बरण्या. एवढे ओझे भिंतीच्या गिलाव्यावर सोपवून चालत नाही. स्क्रू विटेत गेला पाहिजे. ड्रिलमधून पांढरी भुकटी येत आहे तोवर आपण गिलाव्यात असतो. लाल भुकटी येऊ लागली म्हणजे वीट लागली. तेथून पुढे निदान पाच सेंटिमीटर आत जावे, प्लॅस्टिकची नळी बसवावी आणि मग स्क्रू आवळावा. विजेच्या बटनांच्या सरळ वर किंवा खाली मात्र भोक पाडू नये, आत तारा असतात. बदलीच्या भयाने मी आणखी एक युक्ती केली. एक लाकडी पट्टी पंचेचाळीस अंशांत उभी चिरून तिचे दोन भाग केले. एक भाग चार स्क्रूंनी भिंतीला, पाणसळ लावून, आडवा बसविला. दुसरा फळीच्या मागे वरच्या अंगाला. एकाची उतरती कड दुसऱ्याच्या उतरत्या कडेत अडकते आणि ओझ्याने जास्तच घट्ट बसते. फळी भिंतीशी समांतर राहावी म्हणून खालच्या अंगाला तेवढ्याच जाडीची पट्टी लावली. आता दोन माणसांनी धरून वर उचलली की फळी भिंतीपासून सुटते. मागे उरतात चार भोके. तेवढी बुजविण्याइतका चुना सरकारी नोकराजवळ असतोच.

फळीची खालची कड जमिनीपासून साठ सेंटिमीटरांवर ठेवली. कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या ओळी आईच्या, वरच्या ओळी आमच्या. कोणती वस्तू कोठे, हे मात्र आम्ही ठरविले नाही. सगळ्या पळ्या, गाळणी, झारे आणि डबे ओट्यावर मांडले, खुंट्यांची टोपली तिच्या मांडीवर दिली, आणि सांगितले, “आई, तूच लाव.” तिने दोन तास घेतले. मधूनमधून थांबे, एखादी खुंटी काढी, पुन्हा घाली. शेवटी मी पाहिले तर उजव्या हाताला ओळीने पळी, झारा, उलथने, चिमटा आणि सांडशी. तिला कोणी आठवण दिली नव्हती. त्यांच्या खाली चहाचे गाळणे, आणि पहिल्या फळीवर चहा व साखर, काचेच्या बरण्यांत. माझ्या कन्येने प्रत्येक वस्तूभोवती काळ्या रंगाने तिची आकृती रेखली.

माझ्या पत्नीला सुरुवातीस थोडा संकोच वाटला होता. चौदा दारांच्या त्या नेटक्या स्वयंपाकघरात हे उघडे खुंटाळे पाहून येणारेजाणारे काय म्हणतील, असे तिला वाटे. तिच्या शंकेत तथ्य नव्हते असे नाही. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूंवर धूळ बसते, फोडणीचा तेलकट धूर बसतो. त्या आठवड्यातून एकदा पुसाव्या लागतात. म्हणून जे रोज हातात येते तेवढेच टांगावे, सणावाराचे कपाटातच राहू द्यावे, असा निवाडा झाला. तो आम्हां दोघांनाही मान्य आहे.

आपणांस वाटेल, की आता मी काही चमत्कार सांगणार. तसे काही नाही. डॉक्टरांनी सांगितले होते तेच खरे ठरत आहे. आईची स्मृती परत आलेली नाही. काही दिवशी ती मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारते. परंतु फळी लागली त्या आठवड्यातल्या एका सकाळी मी उठलो, तो स्वयंपाकघरात दिवा होता. आई ओट्यापाशी उभी होती. चहा उकळत होता आणि चार कप मांडलेले होते. तिने माझ्याकडे वळून पाहिले आणि म्हणाली, “उठलास? थांब, आले घालायचे राहिले.” त्या चहात साखर दोनदा पडली होती. मी तो सगळा प्यालो. तेव्हापासून पुष्कळशा सकाळी चहा तीच करते. सूनबाई फक्त गॅसकडे लक्ष ठेवून जवळपास वावरते.

आणखी एक सांगून संपवितो. फळी लावून झाल्यावर चार-पाच दिवसांनी आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला काहीतरी चुकल्यासारखे वाटत असावे. मग मला म्हणाली, “ह्यांच्या छत्रीची खुंटी कोठे आहे रे?” स्वयंपाकघरात छत्री टांगत नाहीत, आणि ज्यांची छत्री होती ते जाऊन बारा वर्षे झाली, यांपैकी काहीच मला बोलावेसे वाटले नाही. मी सर्वांत वरच्या ओळीत, दाराकडच्या कोपऱ्यात, एक खुंटी बसविली. तिने ती खालून निरखून पाहिली आणि मान हलविली. त्या खुंटीला अद्याप कोणी काही टांगलेले नाही. टांगावे असे घरात कोणी म्हणतही नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी इतर खुंट्यांबरोबर मी तीही हलवून पाहतो. ती घट्ट आहे.